भिंतीला हात लावून चालणारं भूत

बुधवार, ३ जानेवारी

एकोणीस वर्षांनी माझं सदर बंद झालं. संपादकांनी फोनवर सांगितलं, आणि आवाज इतका मऊ काढला की मला वाटलं, त्यांच्याच घरी कुणी गेलंय. "वाचकांना हल्ली टोचून घ्यायला नको असतं हो, बाई." म्हणजे एकोणीस वर्षं हवं होतं, आणि डिसेंबरात सगळ्यांची कातडी एकदम पातळ झाली.

शेवटच्या लेखात एक अख्खी ओळ दोनदा छापली गेली होती, हेही त्यांनी जाता जाता सुनावलं. ते प्रूफ दादानं पाहिलं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होता, आणि निवृत्तीनंतरही माझा प्रत्येक लेख आधी त्याच्या हातून जातो. सहा वर्षांपूर्वी वहिनी गेली तेव्हा मी दोन आठवड्यांसाठी त्याच्याकडे राहायला आले; ते दोन आठवडे अजून चालू आहेत. ओळीबद्दल विचारलं तर म्हणाला, "नजरचूक." हा शब्द त्यानं आजवर फक्त दुसऱ्यांसाठी वापरला होता.

सदराच्या बदल्यात मला दोन खाऊ मिळाले. संपादकांना भयकथा विशेषांकासाठी एक कथा हवीय, आणि ग्रंथालयाला दर शनिवारी दुपारी 'जुन्या भयकथांचं तंत्र' शिकवणारं कुणीतरी हवंय. मी जन्मात भयकथा लिहिलेली नाही. पण दोन लग्नं जवळून पाहिली आहेत, त्यातलं एक माझंच. जमेल.

तयारी म्हणून ही वही. जुन्या भयकथांत रोजनिशी लिहिणारा माणूस फार कर्तव्यदक्ष असतो. "दार उघडतंय... तो आत येतोय... त्याचा गार हात माझ्या मा—" मानेवर हात पडलेला असताना हा गृहस्थ अर्धा शब्द लिहितो, त्याच्यापुढे रेघ ओढतो आणि वही सापडेल अशी ठेवून मग मरतो. अशी शिस्त माझ्यात नाही. कंटाळा आला की मी लिहिणार नाही.

शनिवार, ६ जानेवारी

वर्गात सात जण. पाच जणांचे चेहरे घरी येईपर्यंत विसरले. लक्षात राहिले दोन. एक निवृत्त परिचारिका. सगळे तिला 'सिस्टर' म्हणतात. ती खुर्चीत अशी बसते की जणू शेजारच्या खाटेवरचा रुग्ण नुकताच झोपलाय. दुसरे कुलूपवाले. बाजारात त्यांचं किल्ल्यांचं दुकान आहे. म्हणाले, "मॅडम, भयकथेत कुलूप नेहमी चुकीचं लिहितात. म्हटलं, शिकावं आणि शिकवावं."

मी पहिला नियम सांगितला. जुन्या भयकथेत घराला माणसाच्या आधी कळतं. आधी आवाज येतो, मग डाग दिसतो, मग वस्तू वागेनाशा होतात. भूत सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो येतच नाही. भूत दाखवलं की त्याचा पाहुणा होतो. मग त्याला बसा म्हणावं लागतं.

गृहपाठ दिला: आपापल्या घरातल्या विचित्र गोष्टी हेरून आणा. मीही आणणार आहे.

सोमवार, ८ जानेवारी

आपलं घर इतकं कथेला लायक आहे हे मला सहा वर्षांत कळलं नव्हतं!

दादाच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत जो बोळ आहे, त्याच्या डाव्या भिंतीवर कंबरेच्या उंचीला एक काळपट पट्टा उमटलाय. कुणीतरी रोज हात घासत जावं तसा. शिवाय खुर्च्या. खुर्ची बोटभर जरी सरकली तरी दादा असा ओरडतो की जणू मी त्याच्या छातीवरून नांगर फिरवला. पूर्वी हा माणूस टेबलाखाली चपला, टेबलावर टोपी आणि खुर्चीवर ओला टॉवेल ठेवून जगत होता. चहा आता फक्त पांढऱ्या कपात, आणि ओतताना कडेवरून एक बोट आत. मी "शी!" म्हटलं तर म्हणाला, "माझाच कप, माझंच बोट." औषधाच्या एका बाटलीला एक रबरबँड आणि दुसरीला दोन. घरभर इतके प्रखर दिवे लावलेत की भाजी चिरताना मला शस्त्रक्रिया करतेय असं वाटतं. वर्तमानपत्राची घडी संध्याकाळपर्यंत तशीच कोरी.

आणि काल मी बाजूनं जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर तो असा दचकला की चष्मा पडला.

सगळं टिपून ठेवलं. कथेत एक बाई आणि तिचा भाऊ, आणि घरात वावरणारं काहीतरी. तो पट्टा कशाचा, दादाला विचारायला हवं.

शनिवार, १३ जानेवारी

माझी टिपणं मी वर्गात 'एका घराची' म्हणून वाचली. कुलूपवाल्यांनी हात वर केला.

"मॅडम, भूत असेल तर ते भिंतीला हात लावून कशाला चालेल? भुतं भिंतीतून जातात. कुलूप-बिलूप काही लागत नाही त्यांना. आमच्या धंद्याचे शत्रू."

वर्ग हसला. सिस्टर हसली नाही. "त्या घरातला भाऊ समोरून आलेल्याला ओळखतो, पण बाजूनं कुणी आलं की दचकतो. असंच ना?"

मी म्हटलं, "हो! तुम्हाला तंत्र बरोबर कळलं. धोका नेहमी कडेनं येतो."

वर्ग सुटल्यावर ती विचारते, "तुमच्या घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, मी आणि दादा. "त्यांना भेटायला येऊ का एकदा?" लोकांना लेखकांची घरं बघायची फार हौस. मी म्हटलं, कथा झाली की बघू.

मंगळवार, १६ जानेवारी

कथेची पहिली पानं दादासमोर ठेवली. त्यानं ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि परत दिली.

"मोठ्यानं वाच."

"का? डोळ्यांना काय झालं?"

"भयकथा ऐकायची असते, ठमे." मी बावन्न वर्षांची आहे, पण दादाच्या लेखी अजून ठमी. "छापखान्यात आम्ही असंच करायचो. एकानं मूळ कागद वाचायचा, स्वल्पविरामासकट. दुसऱ्यानं ऐकायचं."

"दुसऱ्यानं ऐकता ऐकता छापलेल्या कागदावर बघायचं असायचं ना?"

"तू वाच गं."

आळशी झालाय, दुसरं काय. मी वाचलं. कान मात्र तयार आहे बुवाचा. "'अचानक' चार वेळा आलंय. चौथ्या वेळेला कोण दचकेल? आणि तुझी ती बाई फार बोलते."

"ती मीच आहे."

"म्हणून सांगतोय."

"ते भूत भिंतीला हात का लावतं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, थरार यावा म्हणून. "हं," म्हणाला, आणि उठून गेला. सावकाश.

गुरुवार, १८ जानेवारी

बोळातला पट्टा पुसलाय! साबणाचा वास येतोय. पण फक्त मधला भाग पुसलाय; वर आणि खाली काळ्या कडा तशाच. अर्धवट लपवलेला पुरावा! हे मी कल्पनेनं लिहिलं असतं तर संपादक म्हणाले असते, अति होतंय.

शनिवार, २० जानेवारी

आजचा विषय होता बंद खोली. जुन्या भयकथेत एक दार, एक पेटी, काहीतरी बंद असतंच, आणि वाचकाला आत काय आहे यापेक्षा ते बंद का आहे याची जास्त भीती वाटते.

हे शिकवण्याआधी सकाळीच माझ्या लक्षात आलं होतं की दादाच्या टेबलाच्या खणाला कुलूप आहे. जन्मात कुलूप न लावणारा माणूस. वर्गानंतर मी कुलूपवाल्यांना हळूच विचारलं, छोटंसं कुलूप आहे, उघडून द्याल का, कथेसाठी.

"खण कुणाचा?"

"भावाचा."

"त्यांना विचारलंत?"

"विचारलं तर मजा काय?"

"मग गोष्टीत उघडा, मॅडम. खऱ्याला मी मालकाशिवाय हात लावत नाही." इतके सज्जन लोक भयकथेच्या वर्गाला कशाला येतात?

खणाचं दादाला विचारायला हवं.

शनिवार, २७ जानेवारी

आज माझं सगळ्यात आवडतं तंत्र शिकवलं. किंकाळी नको, रक्त नको. ओळखीच्या वस्तूची जागा किंचित बदला, बस्स. रोजचं घर एक वीतभर सरकलं की माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि का आला ते त्याला कळत नाही.

सिस्टरनं विचारलं, "कुणाला लागलं तर?"

मी म्हटलं, "गोष्टीत कुणाला लागत नाही."

कथेतला वस्तू सरकण्याचा प्रसंग मात्र पोकळ वाटतोय. प्रत्यक्ष करून बघायला हवा.

रविवार, २८ जानेवारी

दुपारी दादा झोपला असताना स्वयंपाकघराच्या दाराजवळचं स्टूल एक वीत डावीकडे सरकवलं आणि खुर्चीत बसून वही उघडली. तीन वाजता तो चहाला उठला. बोळात त्याचा हात भिंतीवरून सरकत येत होता. सर्र, सर्र. मी 'सर्र, सर्र' असं टिपूनही ठेवलं.

तो पडला. मनगटाचं हाड चिरलंय.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "स्टूल दिसलं नाही का?" दादा म्हणाला, "दिसलं. पण दिसलं तेव्हा मी त्याच्यावर होतो." डॉक्टर हसले, मीही हसले. मग त्यांनी विचारलं, नजर कशी आहे. "उत्तम. चाळीस वर्षं तिच्यावरच पोट भरलंय."

परतताना रिक्षात त्यानं एवढंच विचारलं, "स्टूल तू हलवलंस?" मी म्हटलं, झाडताना हललं असेल. बावन्न वर्षांच्या बाईनं थोरल्या भावाशी खोटं बोलावं, तेही स्टुलावरून.

चालताना त्याचं लक्ष असतं कुठे, दादाला विचारायला हवं.

शनिवार, ३ फेब्रुवारी

आज मला शांतपणे लिहिता येणार नाही. तरी लिहिते.

वर्गात कथा पूर्ण वाचली. स्टुलासकट. शेवट मी मुद्दाम धूसर ठेवला होता: घरात जे वावरतं ते काय, बाईला कळत नाही. वाचून झालं तर सगळे टाळ्या वाजवायला लागले. कुलूपवाले तर उभेच राहिले.

"कमाल, मॅडम! भूत म्हणजे भाऊच, तो आंधळा होत चाललाय, हे आम्हाला दुसऱ्याच शनिवारी कळलं होतं. पण सांगणाऱ्या बाईला शेवटपर्यंत कळत नाही! सगळं तीच दाखवते आणि तिलाच दिसत नाही. हे तंत्र तुम्ही आधी सांगितलं नाहीत. राखून ठेवलंत!"

मी हसू आणलं. हातातले कागद खालीवर करत राहिले. पांढरा कप. कपातलं बोट. दिवे. रबरबँड. पट्टा. प्रत्येक गोष्ट मी स्वतःच्या हातानं लिहिली होती, स्वल्पविरामासकट.

सिस्टर जागेवरून उठून माझ्याजवळ आली. "बाई," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं ना? मला वाटलं, उपचार चालू आहेत आणि वर तुम्ही लिहिताय."

माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "कडेचं आधी जातं, मधलं शेवटी. काचबिंदू असेल. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखता येतं. पण वेळ घालवू नका. कधीपासून आहे?"

कधीपासून. ओळ दोनदा छापली गेली डिसेंबरात. दिवे बदलले पावसाळ्यात.

घरी आले तेव्हा दादा खिडकीशी बसला होता, प्लास्टरचा हात मांडीवर. मी आवाज न करता त्याच्या उजव्या बाजूला, हाताच्या अंतरावर उभी राहिले. तो समोर बघत राहिला. मी हात हलवला. तो समोरच बघत राहिला. आजवर वाचलेल्या एकाही भयकथेनं माझं असं झालं नव्हतं.

"दादा, खणाची किल्ली दे."

तो दचकला. मग सावरला. "कोण म्हणालं?"

"माझ्या वर्गातल्या सात जणांना माहीत आहे. आठवी मी. सगळ्यात शेवटची."

त्यानं खिशातून किल्ली काढली. खणात डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती, आठ महिन्यांपूर्वीची. शस्त्रक्रिया लवकर करावी, असं तीत लिहिलेलं, 'लवकर'खाली दोन रेघा. औषधाच्या थेंबांची एक बाटली, अर्धी. आणि माझ्या वर्षभराच्या लेखांची प्रूफं. मार्चमध्ये त्याच्या खुणा समासात सरळ उभ्या होत्या. ऑगस्टपासून त्या ओळींवर चढत गेल्या. नोव्हेंबरच्या प्रूफात एक खूण कागदाबाहेर गेली असावी. नुसतीच तिची शेपटी उरली होती.

"आठ महिने, दादा! आठ महिने! माझ्यापासून लपवायचं?"

"मग कोणापासून?" तो म्हणाला. रागानं नाही. "ठमे, तुझ्या सदरात माझं पोट आलं. माझं घोरणं आलं. तुझी वहिनी गेल्यावर मी रोज दूध उतू घालवायचो, तेही आलं. लोक हसले. प्रूफं मीच तपासली, मीही हसलो, चांगलंच लिहिलं होतंस. म्हटलं, डोळे तेवढे राहू देत."

टोचणारी लेखिका म्हणून माझी ख्याती आहे. कुणाला टोचतंय हे मी कधी वाकून बघितलं नव्हतं.

"आणि शस्त्रक्रिया?"

"तुला कळू न देता करायची कशी? आणि कळलं असतं तर तू प्रूफं मला दिली नसतीस." मग म्हणाला, "ते एकच काम उरलं होतं."

स्टूल मी सरकवलं होतं, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ते मला रिक्षातच कळलं होतं. झाडताना म्हणे! तू कधी झाडतेस?"

सोमवार, ५ फेब्रुवारी

डोळ्यांच्या दवाखान्यात सिस्टर बरोबर आली होती. मी बोलावलं नव्हतं. दारातच उभी होती, पिशवीत पाण्याची बाटली घेऊन. मी ओळख करून दिल्यावर दादानं तिला विचारलं, "तुम्हीच का त्या, कडेनं धोका ओळखणाऱ्या?" चला, जमलं दोघांचं.

उजवा डोळा जवळजवळ गेलाय. डाव्यात जेवढं उरलंय तेवढं राखता येईल, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या शुक्रवारी शस्त्रक्रिया. "आठ महिन्यांपूर्वी आला असतात तर," एवढं बोलून त्यांनी वाक्य सोडून दिलं. ते त्यांनी पूर्ण केलं असतं तर बरं झालं असतं. उरलेलं मी दिवसभर करत बसले.

संध्याकाळी संपादकांना कळवलं, कथा देणार नाही. ते हळहळले. "अहो बाई, विशेषांकातली सर्वांत भयंकर कथा आहे ती." म्हटलं, म्हणूनच.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

सकाळी शस्त्रक्रिया झाली. आत नेताना दादा म्हणाला, "घरात काही हलवू नकोस." बाहेर बाकावर वही घेऊन बसले होते. एक अक्षर लिहिलं नाही. भयकथेतला तो कर्तव्यदक्ष गृहस्थ मला आता अजिबात खरा वाटत नाही.

व्यवस्थित झालं म्हणतात.

रविवार, २५ फेब्रुवारी

पट्टी निघाली. उरलेलं राहिलंय. डाव्या डोळ्यापुढे एक गोल, मोठ्या ताटाएवढा. त्याच्या आत नीट दिसतं, बाहेर नाही. थेंब दिवसातून दोनदा, जन्मभर. बाटलीवर रबरबँड मी लावले. बोळातली भिंत मी पुसलेली नाही. स्टुलाच्या पायांभोवती जमिनीवर खडूनं खुणा केल्या आहेत, आणि चारही पाय रोज तपासते.

काल वर्गाचा शेवटचा शनिवार होता. कुलूपवाल्यांनी विचारलं, कथा कधी छापून येणार? मी म्हटलं, येणार नाही, आणि ते तंत्रही नव्हतं. मला खरंच दिसलं नव्हतं. मग ते म्हणाले, "मॅडम, हे आम्हाला सांगितलंत, म्हणजे कुलूप आतून उघडलंत." त्यांची उपमा आहे, त्यांच्याकडेच राहू दे.

आज दुपारी दादा म्हणाला, "ती वही वाच."

"ती खासगी आहे."

"माझ्याबद्दल आहे ना? मग प्रूफ मी बघणार. मोठ्यानं वाच."

वाचली. पहिल्या पानापासून. सुरुवातीला मी एकदोन वाक्यं गाळायला गेले, तर लगेच बोट वर. "सुटलं काहीतरी. वाक्य लंगडतंय." मग काही गाळलं नाही. 'सर्र, सर्र'पाशी मी अडखळले. मी पाणी प्यायले, पुढे वाचलं.

वही संपली. मग कामाच्या आवाजात म्हणाला, "'दादाला विचारायला हवं' हे वाक्य तीनदा आलंय."

"काढू?"

"विचारलं नाहीस ती काढ."

"मग तिन्ही काढावी लागतील."

"मग राहू देत," तो म्हणाला. "पण चौथं लिहायच्या आधी विचार."

मी खुर्ची उचलली आणि त्याच्या समोर, बरोबर त्या गोलाच्या मध्ये आणून ठेवली. त्यानं आवाजावरून मान वळवली, पण ओरडला नाही.

"दादा, तुला काय काय दिसतंय?"

तो बघत राहिला. सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एकेक ओळ खाली उतरावं तसा.

"केस पांढरे झाले गं तुझे, ठमे," तो म्हणाला. "कधी झाले?"